चार टक्के, पण कुणाचे?

प्रश्न : उद्यमबागेतल्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये मी डिझाइन बघतो. उसाच्या ट्रॉलीला मागून गाडी धडकली तर ती खाली घुसू नये म्हणून गार्ड करतोय. एलएस-डायना या धडकेचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॉली जाम धरून हजार किलोची गाडी ताशी 40 किमीनं धडकवली. गार्डच्या ब्रॅकेटवर गणितासाठी पाडलेल्या तुकड्यांची जाळी करवतीच्या दातांसारखी वेडीवाकडी होते. ही खोटी हालचाल दाबण्यात गेलेली अवरग्लास एनर्जी मात्र इंटर्नल एनर्जीच्या, म्हणजे धातू वाकण्यात मुरलेल्या ऊर्जेच्या, 4 टक्केच. साहेब म्हणतात, 10 च्या आत आहे, रिपोर्ट द्या. मित्र म्हणतो, ती हालचाल दाबणाऱ्या बलाचा कोइफिशंट 0.10 चा 0.20 कर. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : दोघांचंही नको. गळीत हंगामात चिकोडी-रायबागकडे रात्री दिवा नसलेल्या ट्रॉलीमागून ज्यानं गाडी चालवलीय, त्याला या गार्डचं मोल सांगावं लागत नाही. म्हणून जरा विस्तारानं लिहितो.

तुमचे शेल एलिमेंट, म्हणजे जाळीतले पत्र्याचे चपटे तुकडे, बहुधा एकाच इंटिग्रेशन पॉइंटचे, म्हणजे ताण मोजायच्या एकाच जागेचे आहेत. असा एलिमेंट ताण मोजतो तो फक्त मधोमध. वरची कड ताणली आणि खालची तेवढीच आखडली, तर मध्यावर शून्य. शून्य ताण म्हणजे शून्य विरोध, मग नोड, म्हणजे एलिमेंटचे कोपरे, मोकाट सुटतात. चौकोनी सपाट एलिमेंटच्या 8 हालचालींपैकी 3 नुसत्या सरकण्या-फिरण्याच्या, 3 खऱ्या ताणाच्या. उरलेल्या 2 अशा बेवारशी. आठ नोडांच्या सॉलिडमध्ये, म्हणजे विटेसारख्या एलिमेंटमध्ये, त्या 12 असतात. त्यांना आवरायला जे खोटं बल लावतो, त्यात खर्ची पडलेली ती अवरग्लास एनर्जी.

आता तुमचे चार टक्के. ताशी 40 किमीच्या त्या गाडीत सुमारे 62 किलोज्यूल असतात. समजा त्यातले 50 इंटर्नलमध्ये गेले आणि अवरग्लास 2. झाले 4 टक्के. पण त्या 2 पैकी 1.4 एकट्या ब्रॅकेटमध्ये असतील आणि ब्रॅकेटची इंटर्नल एनर्जी 4 असेल, तर तिथं 35 टक्के आहेत! 10 टक्क्यांचा ठोकताळा प्रत्येक पार्टला वेगळा लावायचा. जीएलस्टॅट ही सगळ्या मॉडेलच्या बेरजेची फाइल मिटवा, मॅटसम ही पार्टवार आकड्यांची उघडा. तिथं शून्य दिसलं तर हुरळू नका. इनपुट फाइलच्या कंट्रोल एनर्जी कार्डात एचजीईएन हा पर्याय 2 केल्याशिवाय तो आकडा काढलाच जात नाही.

मित्राच्या सल्ल्याचा मला जास्त राग आला. 0.15 च्या पुढं गणित अस्थिर व्हायची भीती असते. शिवाय अवरग्लास आवरायच्या पद्धतींपैकी टाइप 1 ते 3 व्हिस्कस आहेत, म्हणजे ते नोडच्या वेगाला अडवतात. वाकून बसलेल्या जाळीला परत सरळ करत नाहीत. स्फोटाला, गोळीला ते बरे. तुमच्या वेगाला, पत्र्याला टाइप 4, म्हणजे स्टिफनेसचा, कोइफिशंट 0.03 ते 0.05 ठेवून लावा. तोही हात राखूनच, नाहीतर ब्रॅकेट आहे त्याहून दणकट दिसेल आणि रिपोर्टातला गार्ड रस्त्यावर दुमडेल.

पण हे सगळं नंतर. आधी ब्रॅकेटचा बोल्ट बघा की. तो एकाच नोडला बांधला असेल, अशी माझी दाट शंका आहे. एका नोडवर एकवटलेलं बल हे या रोगाचं नेहमीचं मूळ. भोकाभोवतीच्या नोडांवर ते पसरा, घडीपाशी जाळी बारीक करा. एवढ्यानं भागलं नाही तर फक्त ब्रॅकेटला टाइप 16 चे (हा टाइप एलिमेंटचा) फुल इंटिग्रेशन शेल, म्हणजे एकाऐवजी अनेक जागी ताण मोजणारे, द्या. वेळ अडीच-तीन पट लागतो, पण एका ब्रॅकेटपुरता लागला तर कुणाचं काय बिघडतं?

प्रश्न : टेट्रा, म्हणजे चार तोंडांच्या त्रिकोणी एलिमेंटला अवरग्लास नसतो म्हणे. मग सगळं टेट्रातच का करू नये?
– एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : नसतो, खरं आहे. पण चार नोडांचा साधा टेट्रा वाजवीपेक्षा ताठ असतो, आणि धातू प्लास्टिक अवस्थेत गेला, म्हणजे कायमचा वाकू लागला की आणखीच आखडतो. तिथं नोड मोकाट सुटत होते, इथं हलायलाच तयार नाहीत. दहा नोडांचा टेट्रा वापरता येतो, मात्र टाइम स्टेप, म्हणजे गणितातलं वेळेचं पाऊल, बारीक होते. ओतीव, आडव्यातिडव्या आकारांना तो घ्या, पत्र्याला नको.