टेरा सिगिलाटा करायचंय? आधी साधा पेला जमवा

टेरा सिगिलाटा म्हणजे रोमन काळातली चकचकीत लाल मातीची भांडी. त्यांच्या आकारांना ड्रागेनडॉर्फ या अभ्यासकाने नंबर दिलेत. त्यातला ड्रागेनडॉर्फ 37, म्हणजे तो नक्षीचा वाडगा, सगळ्यांनाच आधी करावासा वाटतो. जरा थांबा. त्याला आतून नक्षी उमटवलेला भाजका साचा लागतो, आणि माती वाळताना आकसते म्हणून तो मूळ वाडग्यापेक्षा मोठा. 33 नंबरचा सरळ भिंतीचा पेला घ्या, चाकावर निघतो.

खरी मेख लाल चकाकीत आहे. ती काचेची ग्लेझ नव्हे, अगदी बारीक मातीचा लेप आहे. लोहयुक्त माती भरपूर पाण्यात कालवा, चिमूटभर धुण्याचा सोडा टाका आणि एक-दोन दिवस बादलीला हात लावू नका. वरचं पाणी काढून मधला दुधासारखा पातळ थर नळीने ओढून घ्या. तळाचा गाळ सोडून द्या. लेप जाड झाला की पापुद्रे सुटतात. बुडवताना पेला बुडाशीच धरा. (बोटांचे ठसे उमटतील, पण ते अस्सल भांड्यांवरही दिसतात!)

भट्टीत धूर नको. फ्रान्समधल्या ला ग्रॉफसेंकच्या कुंभारांनी त्यासाठी भट्टीत मातीचे नळ बसवले होते, म्हणजे धूर नळांतून जाई, भांड्यांना लागत नसे. इलेक्ट्रिक भट्टीत ही कटकट नाही. 950 अंशांच्या आसपास आधी तुकडे भाजून पाहा.

आणि शिक्का स्वतःच्याच नावाचा मारा, रोमन कुंभाराचा नको. उद्या कुणी तो पेला जुना म्हणून खपवेल.