भागून न बघता मूळ संख्या कशी ठरते?

प्रश्न : ऑक्टोबर २०२४ मध्ये ४ कोटींहून जास्त अंकांची मूळ संख्या सापडली. वर्गमूळापर्यंत भाग देत बसणं इथे अशक्यच, मग ती मूळ आहे हे ठरवलं कसं? शिवाय घातांकाला ०.३०१०३ ने गुणून अंक मोजले, तर माझं उत्तर जाहीर झालेल्या आकड्यापेक्षा एकाने जास्त येतं. कुठे चुकतंय?

उत्तर : आधी अंकांचा हिशोब, कारण चूक लहान पण मासलेवाईक आहे. संख्या आहे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. २ चा लॉगरिदम (१० चा कितवा घात केला की २ मिळतो तो आकडा) ०.३०१०२९९९५६६... असा जातो, तुम्ही घेतलेला ०.३०१०३ त्याहून किंचित मोठा. फरक नवव्या स्थळावरचा, पण साडेतेरा कोटींनी गुणला की तो ०.५९ होतो. तुमचा गुणाकार ४,१०,२४,३२०.५४ येतो, खरा ४,१०,२४,३१९.९५. पूर्णांकात १ मिळवला की ४,१०,२४,३२० अंक. लॉगरिदम निदान दहा स्थळांपर्यंत घ्या.

आता कसोटी. अशी संख्या (तिला मर्सेन संख्या म्हणतात) मूळ असायची तर तिचा घातांक मूळ असावाच लागतो, पण तेवढ्याने भागत नाही : घातांक ११ घेतला तर २०४७ मिळते आणि ती २३ × ८९ आहे. निकाल लावते ती लुकास-लेमर कसोटी. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवा, आणि पुन्हा तेच. हे घातांकापेक्षा दोन कमी इतक्या वेळा करायचं. शेवटी ० उरलं तर संख्या मूळ. घातांक ७, संख्या १२७ : ४ नंतर १४, ६७, ४२, १११, ०. पाच पावलं, काम फत्ते. २०४७ ला नऊ पावलांनी १७३६ उरतात, म्हणजे संयुक्त. पावलं मोजताना सुरुवातीचा ४ धरू नका, नेमकी तिथेच गफलत होते. घातांक २ ला ही कसोटी लागू नाही.

ही कसोटी अवयव मात्र सांगत नाही. २ चा ६७ वा घात वजा १ ही संयुक्त आहे हे फ्रेंच गणिती लुकास यांनी १८७६ मध्ये दाखवलं. १९,३७,०७,७२१ हा तिचा अवयव अमेरिकन गणिती कोल यांनी १९०३ मध्ये मांडला.

मोठ्या संख्येत धोका यंत्राचा. साडेतेरा कोटी पावलांत एक बिट चुकला की पुढच्या सगळ्या बाक्या वाया, आणि खरी मूळ संख्या संयुक्त ठरून निसटते. म्हणून ११ ऑक्टोबरला डब्लिनमधल्या ग्राफिक्स प्रोसेसरवर आधी सतराव्या शतकातले गणिती फर्मा यांच्या नियमाच्या धर्तीची, वाटेत चूक पकडणारी चाचणी झाली. ती ‘बहुधा मूळ’ इतकंच सांगते. लुकास-लेमरचा पक्का निकाल दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या वेगळ्या प्रोसेसरवर आला.

शेवटचे दोन अंक हवे असतील तर कागद पुरतो. दुसऱ्या घातापासून पुढे २ च्या घातांचे शेवटचे दोन अंक दर २० घातांनी फिरून येतात. आपल्या घातांकाला २० ने भागून बाकी १ उरते, म्हणून २१ वा घात पाहा : २०,९७,१५२. त्यातून १ वजा केला की ५१.