अप्रेझलच्या मीटिंगमध्ये डोळ्यांत पाणी आलं तर चालतं का?

चालतं. त्यानंतरची दहा मिनिटं कशी सांभाळता, ते जास्त महत्त्वाचं.

घसा दाटला की बोलणं रेटू नका. आवाज फुटतो आणि मुद्दा राहून जातो. पाण्याचा घोट घ्या. श्वास घेताना ४ आणि सोडताना ६ अंक मोजा, असं चार-पाच वेळा. तरी थांबलं नाही तर सरळ सांगा, "मॅडम, पाच मिनिटांत येते." परतल्यावर "सॉरी, मी जरा हळवीच आहे" म्हणू नका. "या कामात जीव ओतला होता, म्हणून लागलं," असं म्हणा. एलिझाबेथ बेली वुल्फ आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या संशोधनात हेच दिसलं: रडण्यामागे कामाची तळमळ आहे असं सांगणारा माणूस इतरांना अधिक सक्षम वाटतो. मग लगेच मुद्द्यावर या: रेटिंग कुठल्या कामावरून कमी झालं, आकडे काय सांगतात.

राग मात्र महागात पडतो. ज्युनियरवर सगळ्यांदेखत ओरडलात तर माफीही त्याच दिवशी, सगळ्यांदेखत मागा. केबिनमधली माफी बाकीच्यांना दिसत नाही. आणि रागाचा मेल? 'टू'ची जागा रिकामी ठेवून ड्राफ्टमध्ये टाका, सकाळी वाचा. बहुधा अर्धा तुम्हीच खोडाल.