राजीनामा दिल्यास हाती सतरा लाख येतील, पण विमा जाईल

आपण नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एका कंपनीत १९ वर्षे लेखा विभागात आहात आणि दरमहा ५२,००० रुपये घरी आणता. यजमानांचा फुप्फुसाचा कर्करोग लवकर सापडला व शस्त्रक्रिया झाली. परंतु नंतर फुप्फुसातून हवा झिरपत राहिल्याने छातीतली नळी काढता आली नाही, त्यात जंतुसंसर्ग झाला आणि आठ दिवसांचा मुक्काम सव्वीस दिवसांवर गेला. आता केमोथेरपी व्हायची आहे आणि त्यांचे दुकान बंद आहे. राजीनामा देऊन भविष्यनिधीचे १४ लाख व ग्रॅच्युइटी घ्यावी आणि त्यांच्याजवळ राहावे, की बेसा येथील प्लॉट दिरांना विकावा, असे आपण विचारले आहे.

राजीनामा आता देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मूळ वेतन ३०,००० धरल्यास ग्रॅच्युइटी सुमारे ३.२९ लाख होते, म्हणजे आपला सतरा लाखांचा हिशेब बरोबर आहे. त्यात धरायचे राहून गेले ते एवढेच, की यजमानांना संरक्षण देणारा पाच लाखांचा गट आरोग्य विमा आपल्या नोकरीला बांधलेला आहे. यंदा त्यातले ४.१ लाख संपले असले तरी नूतनीकरणानंतर पूर्ण रक्कम पुन्हा उपलब्ध होते. निदानानंतर बाहेर नवी पॉलिसी मिळणे फार कठीण, आणि मिळालीच तरी आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. हे संरक्षण सतरा लाख देऊनही विकत घेता येणार नाही.

आपल्या सोबतीची गरज मला कमी लेखायची नाही. पायऱ्या चढताना धाप लागणाऱ्या माणसाला एकटे सोडून कामावर जाणे काय असते, ते आपल्या पत्रात दिसतेच. मात्र शस्त्रक्रियेनंतरची केमोथेरपी बहुधा तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने चार वेळा असते, म्हणजे कठीण काळ साधारण तीन-चार महिन्यांचा. सहा महिन्यांची बिनपगारी रजा घेतली तरी बुडणारा पगार ३.१२ लाख आहे. रजेत गट विमा चालू राहील का आणि हप्त्यातला आपला वाटा कसा भरायचा, हे कंपनीकडून लेखी घ्या; तोंडी ‘हो, काही नाही होत’ यावर विसंबू नका. सलग रजा मंजूर झाली नाही तर केमोचा आठवडा रजेचा आणि बाकीचे दिवस आपण लिहिलेल्या १८,००० रुपयांच्या मदतनीस बाईंवर, अशी विभागणीही चालेल.

आता बिल. विम्याची खोलीभाड्याची मर्यादा रोज ५,००० असताना आपण ८,००० ची खोली घेतली. त्यामुळे केवळ तीन हजारांचा फरक कापला गेला नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह, शुश्रूषा यांचेही पाच अष्टमांशच मिळाले, म्हणजे एक लाखामागे ६२,५००. औषधे आणि तपासण्यांवर अशी प्रमाणात कपात व्हायला नको, म्हणून कपातीचा तक्ता ओळीने तपासा आणि तिथे कपात दिसली तर लेखी तक्रार करा. पुढच्या वेळी मर्यादेतलीच खोली घ्यावी.

गाठीच्या जनुकीय तपासणीचा अहवाल आला का, हेही विचारा. गाठीच्या पेशींत ईजीएफआर नावाच्या जनुकातला बदल आढळल्यास डॉक्टर ओसिमर्टिनिब ही गोळी सुचवू शकतात आणि ती तीन वर्षांपर्यंत चालते. तोंडाने घ्यायची केमोथेरपी विम्यात आता ग्राह्य असली तरी कंपन्या तिला उपमर्यादा, म्हणजे एकूण विमा रकमेच्या आतली वेगळी छोटी मर्यादा, लावतात. आपल्या पॉलिसीतला तो आकडा आजच शोधा. विमा अपुरा पडला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ती आता सर्व शिधापत्रिकाधारकांना असून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत मिळतात, मात्र भरलेल्या बिलाची परतफेड होत नाही. म्हणून तुकडोजी कर्करोग रुग्णालयात किंवा जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये उपचार सुरू होण्याआधीच आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला, भेटा.

रोकड हवीच आहे, तर आधी मुदत ठेवीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव न मोडता तिच्या तारणावर उचल, घ्या. आपले पीपीएफ खाते अकरा वर्षांचे असल्याने ते बंद न करता त्यातून अंशतः रक्कम काढता येईल. भविष्यनिधीतूनही आजारपणासाठी नोकरीत राहूनच आगाऊ रक्कम मिळते. केमोत पांढऱ्या पेशी घटून ताप आला तर मध्यरात्रीही दाखल करावे लागते, म्हणून एक लाख रुपये बचत खात्यात सुटे ठेवा.

प्लॉट शेवटचा. दीर महिनाभरात रोख देतो म्हणतात. त्यात आपुलकी असेलही, पण त्यांनी सांगितलेला भाव आणि आजूबाजूच्या अलीकडच्या रजिस्ट्रीतला भाव यांत किती अंतर आहे, ते पाहिल्याशिवाय इसार घेऊ नका.

दुकानाचे चालू खाते फक्त यजमानांच्या सहीने चालते, असे आपण ओझरते लिहिले आहे. पहिल्या केमोआधी, ते बँकेत चालत जाऊ शकतात तोवर, आपल्याला व्यवहाराचा अधिकार देणारे पत्र तिथे भरून घ्या. यात अपशकुन मानू नये.