करारावर सही करण्याआधी एकदा चुलीपाशी बस

चिरंजीव बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा सामंजस्य कराराचा मसुदा, दोन्ही पोचलं. जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग, तुझी संस्था आणि पैसे देणारी कंपनी असे तिघे मिळून चाळीस शाळांत आहार आणि व्यायामाचं काम करणार, आणि तालुका समन्वयक म्हणून त्याची जबाबदारी तुझ्याकडे आली. फार आनंद झाला. मसुदा दोनदा वाचला. त्यात विभाग आहे, संस्था आहे, क्रीडा प्रशिक्षक आहेत, दर तिमाहीचा अहवाल आहे. शाळेत रोज अन्न शिजवणाऱ्या बाईचा मात्र एका ओळीतही उल्लेख नाही. म्हणून हे पत्र लांबणार आहे.

शाळेतल्या मध्यान्ह भोजनाची ही सरकारी योजना १५ ऑगस्ट १९९५ला सुरू झाली तेव्हा आम्ही शाळेत तांदूळ वाटायचो. ऐंशी टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला ३ किलो. मूल पिशवी घेऊन यायचं, तांदूळ घरच्या डब्यात जायचा आणि घरातली सगळीच माणसं तो खायची. मुलाच्या पोटात नेमकं किती गेलं हे कुणालाच सांगता यायचं नाही. २८ नोव्हेंबर २००१ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलंच अन्न द्या असा आदेश दिला, त्यानंतर कुठे शाळाशाळांत चूल पेटली. आता योजनेचं नाव पीएम पोषण आहे, पण चूल तीच.

निकष पाठ करून ठेव. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल; मिळून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. आपण सरकारच्या ताटात भर घालणार असू, तर त्या ताटात आधीच काय असायला हवं हे आपल्याला ठाऊक पाहिजे. नाहीतर जे सरकारने द्यायचं तेच संस्था देत बसते, आणि संस्था गेली की ताट पुन्हा रिकामं.

माझ्या अनुभवात ताट अडतं ते भाजीपाशी. तांदूळ आणि डाळ पोत्यांनी येते. भाजी आणि इंधन गावातच बघायचं, आणि त्याचं अनुदान उशिरा येतं. मुख्याध्यापक खिशातून घालतात किंवा दुकानदाराकडे उधारी वाढते. मग खिचडीत भाजी दिसेनाशी होते. त्यामुळे कंपनीचे पैसे आधी परसबागेकडे वळव. मुलं हात धुतात ते पाणी वाफ्यांत सोड. मेथी-पालक लाव, पण त्यावर विसंबू नकोस, मे महिन्यात शाळेला कुलूप असताना पाणी कोण घालणार? शेवगा लाव. एकदा जीव धरला की तो उन्हाळा काढतो. पाला आमटीत जातो, शेंगाही मिळतात.

आता त्या स्वयंपाकी बाईंविषयी. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, एका डोंगराकडच्या शाळेत एका संस्थेने खो-खो आणि धावण्याचे वर्ग सुरू केले. प्रशिक्षक मन लावून शिकवणारा होता. शनिवारी सकाळची शाळा, म्हणून वर्ग साडेसातला. तिसऱ्या शनिवारी पाचवीतली एक मुलगी धावता धावता बसली आणि मग आडवीच झाली. आम्ही घाबरलो. उन्हाचं, पाण्याचं, आजारपणाचं बोलू लागलो. बाई तांदूळ निवडत होत्या, त्या परात तशीच ठेवून आल्या. मुलीचं डोकं मांडीवर घेऊन म्हणाल्या, "वरच्या वाडीतली आहे ही. शनिवारी तिची आई पहाटेच कामाला जाते. कालच्या दुपारनंतर पोटात काही नसणार." तसंच निघालं. पटावर तिची उंची होती, वजन होतं, हजेरी होती. शनिवारी ती उपाशी येते हे फक्त बाईंना माहीत होतं, कारण त्या दिवशी ती तीनदा भात मागते.

उपायही त्यांनीच सांगितला. आठवड्याचं पूरक आहाराचं केळं आम्ही बुधवारी द्यायचो, ते शनिवारी शाळा भरताच द्या. एका पैशाचा खर्च वाढला नाही. वर्ग अर्ध्या तासाने पुढे ढकलला, आणि त्या शाळेत मैदानावर पुन्हा कुणाला चक्कर आली नाही. आहार आणि व्यायाम असे दोन वेगळे विभाग तू मसुद्यात पाडलेस ना, ते एकत्र कर आणि पहिलंच वाक्य असं लिही: उपाशी मुलाला पळवायचं नाही.

या बाईंना केंद्र सरकारच्या निकषाने मिळतात महिन्याला १००० रुपये, तेही वर्षातले दहाच महिने. राज्य त्यात आपली भर घालतं, तरी ती रक्कम कामाच्या मानाने थोडीच. तुझ्या अंदाजपत्रकात प्रशिक्षकांच्या प्रवासभत्त्याला रकाना आहे. त्याच्या शेजारी बाईंच्या प्रशिक्षणाच्या दिवसाची मजुरी टाक. आणि बैठकीला त्यांना खुर्ची दे, दाराशी उभं ठेवू नकोस.

खेळाच्या साहित्याचं एक सांगते. पेट्या येतात, फोटो निघतात आणि चेंडू कपाटात जातात. त्यासाठी गुरुजींना दोष देऊ नकोस. वस्तू जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीत, चढली की तपासणीत ती दाखवावी लागते, आणि फाटलेल्या चेंडूचा जाब मुख्याध्यापकाला विचारला जातो. साहित्य वापरून झिजणारच, ते दरवर्षी निर्लेखित करावं म्हणजे नोंदीतून वजा करावं, असं पत्र गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून आधी काढून घे. कपाटं उघडतील.

सातवी-आठवीच्या मुली भिंतीला टेकून उभ्या राहतात. त्यांना आळशी म्हणू देऊ नकोस. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी निघाल्या, आणि त्याची सुरुवात याच वर्गांत होते. लोहाची साप्ताहिक गोळी जेवणानंतर, वर्गशिक्षिकेच्या देखत दिली जाते की घरी नेऊन टाकली जाते, ते बघ. आरोग्य पथकाची गाडी शाळेत येईल त्या दिवशी तू हजर राहा. आणि गणवेशाच्या स्कर्टात पळायला लाज वाटते हे मुली तुला सांगतील, पुरुष प्रशिक्षकाला नाही सांगणार.

अन्न वाढण्याआधी कुणी चाखलं हे लिहायच्या चव नोंदवहीबाबत मी कडक आहे. जुलै २०१३मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेतलं जेवण जेवून २३ मुलं गेली. त्या अन्नात कीटकनाशक होतं. आधी एका मोठ्या माणसाने घास घ्यायचा, मग मुलांना वाढायचं, हा नियम तुमच्या संस्थेच्या लाडवालाही लागू आहे आणि कंपनीने वाटलेल्या फळांनाही. करारात स्पष्ट लिहा.

आणि कंपनी काय विकते ते आधी विचार. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या नियमांनी जास्त मीठ, साखर, चरबीचे पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायला मनाई केली आहे. तसल्या पदार्थांचं नाव मुलांच्या पाठीवरच्या टी-शर्टावर येत असेल, तर ते पैसे नकोत म्हण. मी तुझ्या पाठीशी उभी राहीन.

मसुद्यात मध्यवर्ती स्वयंपाकघराची, म्हणजे एकाच जागी शिजवून गाडीने शाळांत पोचवण्याची, सूचना आहे. ती शहरात, जिथे शाळेला वीतभर जागा नाही, तिथे ठीक आहे. आपल्या घाटात गाडी तिसऱ्या शाळेत पोचेपर्यंत खिचडी गार होईल, आणि प्रत्येक शाळेतल्या दोन-दोन स्वयंपाकी बायकांचं काम जाईल ते वेगळंच. ते कलम काढून टाक. मसुदा शाळा व्यवस्थापन समित्यांपुढे वाच, तिथे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असायलाच हव्यात, त्या विचारतील ते प्रश्न मला सुचलेले नाहीत.

मी सांगितलेल्या बाई अजून त्याच शाळेत आहेत. परवा फोनवर बोलले त्यांच्याशी. शनिवारी सकाळी सातला माझ्याकडे ये, आपण दोघी जाऊ. मसुदा आणि पेन्सिल आण. तांदूळ निवडायला त्या तुला बसवतीलच.

तुझी शिक्षिका,
बाई