पहिल्या प्राइडला कॅमेरा नेताना

पुण्याच्या प्राइड परेडला, म्हणजे समलिंगी, ट्रान्स अशा एलजीबीटी लोकांच्या अभिमान मोर्चाला पहिल्यांदाच जातोयस, ऐकून फार बरं वाटलं. साताऱ्याहून पहाटेची स्वारगेट एसटी पकड, म्हणजे धावपळ होणार नाही.

पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीतच राहू दे. नुसता चाल, घोषणा दे, ओळखी होऊ देत. नवीन लोक इथेच चुकतात. आल्या आल्या कॅमेरा रोखतात, तोही फक्त नटलेल्यांवर.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विचारून फोटो काढ. 6 सप्टेंबर 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या 377 कलमाची भीती गेली, घरच्यांना कळण्याची अजून गेलेली नाही. तोंडावर मुखवटा किंवा ओढणी असेल तर कॅमेरा खालीच. सुरुवातीला मी मागची गर्दी न बघता एक फोटो टाकला होता. त्यात कडेला उभा असलेला मुलगा गावाकडे ओळखला गेला. ते मला आजही बोचतं. म्हणून टाकण्याआधी फोटो मोठा करून कोपरान् कोपरा तपास.

चेहऱ्याशिवायही खूप काही मिळतं:
- झेंड्याची काठी घट्ट धरलेले दोन हात
- गालावरचा, घामाने ओघळलेला प्राइडच्या झेंड्यासारखा सहा रंगांचा पट्टा

सेटिंग्जचं नंतर बघू. पाण्याची बाटली मात्र विसरू नकोस. सोबत कुणी नसेल तर सांग, स्टँडवर भेटून एकत्रच जाऊ.