5 वर्षांची मुलगी लोकांसमोर काहीही बोलते. समोरच्याला काय वाटेल हे तिला कसं शिकवायचं?

तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. शेजारच्या काकूंना ती म्हणाली की तुमचं घर आमच्यापेक्षा लहान आहे, तुम्ही तिला सगळ्यांसमोर सॉरी म्हणायला लावलं, ती म्हणेना, मग तुम्ही हात उगारला. हे वाचून गप्प बसवेना म्हणून लिहितेय. मी काही कौन्सेलर वगैरे नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत 19 वर्षं झाली, बहुतेक वेळ पहिली-दुसरीच वाट्याला आलेली आहे.

पहिलं म्हणजे ते सॉरी बंद करा. एकजण दुसऱ्याला ढकलतो, बाई ओरडतात, तो भिंतीकडे बघत सॉरी म्हणतो आणि मधल्या सुट्टीत त्यालाच परत ढकलतो, हे मी रोज बघते. सॉरी हा त्यांच्यासाठी टोल आहे, भरला की गाडी पुढे.

आता माझं सांगते. 10 वर्षांपूर्वीची गोष्ट, लेक तेव्हा साडेचारची. गौरीगणपतीला आम्ही दरवर्षी सासरी जातो, कराडच्या अलीकडे गाव आहे. गौरी जेवायच्या दिवशी तिकडे पुरणपोळीचा बेत, पंगती उठतात, आणि पोळ्या सगळ्या माझ्या थोरल्या जाऊबाई करतात, मी आपली वाढायला आणि कटाच्या आमटीला. तर आदल्या रात्री गाडीतून जाताना मी नवऱ्याला म्हणाले, उद्या परत ताईंच्या पोळ्या, पुरण शोधावं लागतं बाई. लेक मागे झोपलीये असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुसरी पंगत. लेक तिच्या चुलत भावंडांत बसलेली. जाऊबाईंनी तिच्या पानात पोळी वाढली, वर तुपाची धार धरली. आणि या बाईसाहेबांनी पोळी दोन्ही हातांनी फाडली, आत डोकावून बघितलं आणि आनंदाने ओरडली, "आई, सापडलं!" जाऊबाईंनी हसून विचारलं, काय सापडलं गं? तर म्हणे, "पुरण! आई म्हणाली तुझ्या पोळीत शोधावं लागतं. मला लगेच सापडलं."

बघा हं, तिचा सूर तक्रारीचा नव्हताच. तिला वाटलं हा खेळ आहे, आणि काकूला आनंद होईल की पोरीला पटकन सापडलं. पण पंगतीत चिडीचूप. कोणीतरी पाहुणे फिस्सकन हसले ते आणखी वाईट. जाऊबाईंनी तुपाचं भांडं तिथेच खाली ठेवलं आणि आत गेल्या.

आणि मी काय केलं? मी म्हणाले, "असं कधी म्हटलं गं मी? खोटं बोलतेस?" इतक्या वर्षांनी हे लिहितानाही लाज वाटते. पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. सासूबाई म्हणाल्या काकूला सॉरी म्हण. ती म्हणाली पण आई म्हणालीच होती. मग आमचे थोरले दीर उठले, त्यांनी तिला दंडाला धरून अंगणात तुळशीपाशी उभं केलं, सॉरी म्हणेपर्यंत जेवायचं नाही. अर्ध्या तासाने ती म्हणाली सॉरी. रात्री माझ्या कुशीत विचारलं, "आई, मी खोटं काय बोलले?" मी झोपल्याचं सोंग घेतलं. जरा वेळाने तीच म्हणाली, "काकूचा हात दुखत असेल, म्हणून रडली ती. खूप पोळ्या केल्या ना."

त्या दिवसापासून दिरांचा ठेका एकच, हिच्यावर संस्कार नाहीत, एक फटका वेळेवर दिला असता तर कळलं असतं. आणि दरवर्षी पंगतीत मोठ्याने विचारायचं, काय, सापडलं का पुरण? सगळे हसतात. पोरगी आता नववीत आहे, अजून पोळी पानात घेत नाही.

फटक्याने काय कळतं हो? काकांसमोर बोलायचं नाही, एवढंच. समोरच्याच्या मनात काय आहे हे कळायला आधी हे कळावं लागतं की त्याच्या मनात वेगळं काही असू शकतं. आणि पोरांना ते पोटातून येत नाही, हळूहळू येतं. डीएडला मी पियाजे या मानसशास्त्रज्ञाचे तीन डोंगर पाठ केले होते, म्हणजे टेबलावर डोंगरांचं मॉडेल, मुलाने सांगायचं की समोर बसलेल्या बाहुलीला काय दिसतंय, आणि लहान मुलं आपल्याला दिसतंय तेच सांगतात. परीक्षेत लिहिलं, मार्क घेतले, घरी उपयोग शून्य. त्या गौरीनंतर मात्र शोधून शोधून वाचलं. 1985 सालचा सायमन बॅरन-कोहेन या मानसशास्त्रज्ञाचा आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा प्रयोग आहे, दोन बाहुल्यांचा. सॅली टोपलीत गोटी ठेवून बाहेर जाते, तेवढ्यात अ‍ॅन ती काढून स्वतःच्या डब्यात ठेवते. सॅली परत आली की गोटी कुठे शोधेल? तीन वर्षांची बहुतेक मुलं म्हणतात डब्यात, कारण त्यांना माहितीये ना की डब्यात आहे, म्हणजे सॅलीलाही माहिती असणारच. चारच्या पुढे हळूहळू टोपली म्हणायला लागतात.

यासाठी बाहुल्याही नकोत. आपली म्हातारी आणि भोपळा घ्या. वाघ भोपळ्याला विचारतो म्हातारी दिसली का, आणि म्हातारी आत बसून भोपळ्याच्या नावाने उत्तर देते. तिथे थांबायचं आणि विचारायचं, वाघाला काय वाटतंय, आत कोण आहे? आमच्या शेजारच्या अंगणवाडीतली पिल्लं एका सुरात ओरडतात, म्हातारी! पहिलीतली पोरं मात्र गालात हसतात, "त्याला वाटतंय नुस्ता भोपळाच आहे." हे हसू ज्या दिवशी येतं ना, त्या दिवशी समजायचं गाडी रुळावर आहे. तुमची 5 वर्षांची बहुतेक हसेलच. पण वाघ फसलाय हे कळणं वेगळं आणि खरं बोलूनही काकू दुखावू शकतात हे कळणं वेगळं, त्याला अजून काही वर्षं जातात. माझी लेक तर भोपळ्याला हसायची तरी पोळी फाडलीच तिने.

पण म्हणून पोरांना दुसऱ्याचं काहीच कळत नाही असंही नाही. 1997 सालचा अमेरिकेतला एक प्रयोग मला फार आवडतो. बाई बाळासमोर ब्रोकोली खाऊन वा वा करते आणि बिस्किटं खाऊन तोंड वाकडं करते, मग हात पुढे करून म्हणते मला दे. 14 महिन्यांची बाळं स्वतःला आवडणारी बिस्किटंच देतात, 18 महिन्यांची मात्र ब्रोकोली देतात, स्वतःला नको असली तरी. दीड वर्षाच्या पोराला जमतं ते आमच्या दिरांना 58व्या वर्षी जमत नाही, स्वतःला आवडतं म्हणून समोरच्याच्या पानात गुलाबजाम लोटत असतात, त्याला शुगर आहे हे सांगून सांगून घसा बसला तरी.

बरं, मग करायचं काय. ते रडका चेहरा हसरा चेहरा वाले कार्ड आणू नका, पैसे वाया. चेहरा बहुतेक पोरांना ओळखता येतो. अडतं ते का रडली इथे. आपल्या भाषेत सोय आहे बघा, वाईट वाटलं यातही वाटलं आणि ती झोपलीये असं वाटलं यातही वाटलं, म्हणजे मनातलं दुःखही तेच आणि मनातला गैरसमजही तोच. हा शब्द घरात दिवसभर वापरा. बाबांना वाटलं दूध आहे, म्हणून त्यांनी आणलं नाही. आजीला वाटलं तू हाक मारलीस. भाजीवाल्या मावशींना काय वाटलं असेल, आपण इतका भाव करून न घेताच निघालो तर? उत्तर चुकीचं आलं तरी चालेल, माझ्या लेकीचं हात दुखण्याचं उत्तर चुकीचंच होतं, पण पूर्ण पंगतीत काकू का रडली याचा विचार करणारी ती एकटीच होती. बाकी सगळे तिचे संस्कार मोजत होते.

आणि तुमच्या मुलीच्या बाबतीत, घर लहान आहे हे वाक्य तिने कुठून उचललं ते आधी घरात शोधा. राग मानू नका.

एक मात्र राहिलं, ते खरं तर वर लिहायला हवं होतं. मूल नावाने हाक मारली तर बघत नाही, बोट दाखवत नाही, खोटं खोटं खेळत नाही, असं काही असेल तर माझ्या भोपळ्यावर विसंबू नका, डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनला, म्हणजे मुलांच्या वाढ-विकासाच्या डॉक्टरांना दाखवा. त्या सॅलीच्या प्रयोगात ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असलेली 20 मुलं होती, त्यातल्या 16 जणांना टोपली म्हणता आलं नाही, पण 4 जणांना आलं. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता, त्याला वाघाचं सांगता यायचं नाही पण कोणी रडलं की स्वतःची पाण्याची बाटली नेऊन द्यायचा. तेव्हा भावना नाहीत वगैरे कोणी म्हणालं तर ऐकू नका. शिवाय तुमची एकुलती एक असेल तर चुलत-मामे भावंडांत, बिल्डिंगमधल्या पोरांत जास्त सोडा, भांडणात फार लवकर पडू नका. दादाला काय वाटतंय हे ओळखल्याशिवाय दादाकडून बॅट मिळत नाही.

आता जाऊबाईंचं. मी त्यांची माफी मागितली ती थेट गेल्या वर्षी, म्हणजे 9 वर्षांनी, स्वयंपाकघरात, उंडे करता करता. म्हटलं ताई, तेव्हा मी बोलले होते, पोरगी खरं बोलली होती. त्या म्हणाल्या, "अगं मला माहितीच होतं, साडेचार वर्षांचं पोर असलं वाक्य स्वतःहून थोडंच रचतं. मला रडू आलं ते पुरणाचं." म्हणे दरवर्षी डाळ 30 पानांच्या हिशोबाने शिजवायची, आणि ऐन दुपारी हे बाहेरून 10-12 माणसं जेवायला घेऊन येणार, न सांगता. मग उंडा मोठा घ्यायचा आणि पुरण थोडं थोडं भरायचं, नाहीतर शेवटच्या पंगतीला कोरडी पोळी. पहाटे 4 पासून उभ्या होत्या त्या. हे सांगणार कोणाला?

मी इतकी वर्षं समजत होते की त्यांना पोळ्या जमत नाहीत.

तेव्हा भाऊजी, तुमच्या मोबाईलवर हे कोणी ना कोणी पाठवणारच आहे, म्हणून इथेच लिहिते. यंदा गौरी जेवायच्या दिवशी किती पानं, ते आदल्या रात्री ताईंना सांगा. पुरण सापडेल.